राग कुणासाठी?

मुळशीच्या धरणाकाठी साधना-शिबिराला गेलात, तर एक उपदेश हमखास कानी पडेल: क्रोध हा साधकाचा वैरी, तो सोडा आणि क्षमा धरा. आधार गीतेचा. आसक्तीतून काम, कामातून क्रोध, शेवटी बुद्धिनाश ही दुसऱ्या अध्यायातली घसरण आपणा सर्वांना पाठ असते. ती खोटी कोण म्हणेल?

पण समोरच्या पाण्याच्या तळाशी भातखाचरे आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ती बुडणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. आघाडीवर सेनापती बापट होते. त्यांचा राग कुठल्या आसक्तीतून आला? बापट पारनेरचे, मुळशीत त्यांचे एक खाचरही बुडणार नव्हते. राग दुसऱ्याच्या शेतासाठी आणि तुरुंगवास स्वतःला, हा हिशेब त्या घसरणीत कुठे बसतो? अरविंदांचे ‘दिव्यजीवन’ मराठीत आणणारे हेच बापट. म्हणजे अध्यात्म त्यांना परके नव्हते.

‘पण मावळ्यांची जमिनीवर आसक्ती होतीच ना?’ होती. मग ती सोडायची की नाही, हे मावळ्याने ठरवावे. ज्याचे काही गेलेच नाही त्याने क्षमा करायची म्हणजे दुसऱ्याच्या कोठारातले धान्य दान करायचे. अशा माणसाच्या अक्रोधाला मी तरी सद्गुण म्हणणार नाही. ती सोय आहे.

आपल्या परंपरेला सद्गुण आणि सोय यांतला हा भेद ठाऊक होता. ऋग्वेदात मन्यूला, म्हणजे क्रोधालाच, देवता मानून सूक्ते आहेत. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद-बळीचा संवाद ऐकवते: सदा क्षमाही बरी नव्हे, सदा ताठाही नव्हे. आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या दैवी संपत्तीत अक्रोध आहे, तसे तेजही आहे, तेही क्षमेला अगदी खेटून. प्रवचनात मात्र तेज गळते.

बापटांनी शेवटी धरणाच्या कामगारांची रेल्वे अडवून शस्त्र चालवले आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. त्याचे समर्थन मी करत नाही; तिथे तेजाचा क्रोध झाला. पण त्या एका कृत्यावरून आधीची सत्याग्रहाची साडेतीन वर्षे रद्द होत नाहीत.

धरण झाले, गावे गेली, वीज मुंबईला गेली. शिबिरवाल्यांना विनंती एवढीच: दैवी संपत्तीची यादी अक्रोधापासून सुरू करू नका. गीतेत तिचा पहिला शब्द ‘अभय’ आहे.