दुखतंय, पण कुठं?

मराठी शिकविणाऱ्याला शब्दांचा हिशेब ठेवण्याची खोड असते. पडसे, सर्दी, खोकला, ठसका, अर्धशिशी! दुखण्यांना नावे देण्यात आपल्या भाषेने कधी हात आखडला नाही. पण घरातले कुणी कपाळाला पट्टी बांधून बसले आणि ‘काय होतंय?’ म्हणून विचारले, तर उत्तर ठरलेले : ‘डोकं दुखतंय.’ कपाळ, गाल की वरची दाढ, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारीत नाही.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भंडारा जिल्ह्यात धान कापणीला येते, वैनगंगेकाठची पहाट गारठते आणि पाहुण्यांबरोबर पडसेही घरात शिरते. मग गाल का ठणकतात? चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकामागे खोलवर. त्यांची दारे नाकात उघडतात. विषाणूमुळे नाकाचे अस्तर सुजले, की दारे मिटतात, स्राव आत कोंडतो आणि खाली वाकताच कळ येते. वरच्या दाढांची मुळे गालातल्या पोकळीला लागून असल्यामुळे पुष्कळदा बिचाऱ्या निर्दोष दाढेवरच आळ येतो!

हे दुखणे बहुधा आठ-दहा दिवसांत आपसूक ओसरते. जिवाणूंवरच्या गोळ्यांना विषाणू दाद देत नाहीत. मात्र दहा दिवसांनीही उतार नसेल, किंवा बरे वाटून दुखणे पुन्हा उलटले, तर डॉक्टर गाठावा.

आणि कधी कधी दहा दिवसही थांबू नये. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हा धडा विदर्भाने फार महागात घेतला. मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या कितीतरी रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठले. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले. पण काळी ती बुरशी नव्हे, रक्तपुरवठा तुटून मेलेला शरीराचा भाग काळा पडतो. कुणाचा जबडा गेला, कुणाचा डोळा. अँफोटेरिसिन बी या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा मे महिन्यात वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले.

त्या रोगाची सुरुवात मात्र साधीच वाटे : एका बाजूचा गाल दुखणे वा बधिर होणे, नाक चोंदणे, दात हलू लागणे. डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. विशेषतः घरात मधुमेही असेल, तर ‘सण आटोपू दे, मग बघू’ हे वाक्य उच्चारूच नये.

तेव्हा वाचकहो, व्याकरणाच्या मास्तराची एवढीच विनंती : ‘दुखतंय’ हे क्रियापद एकटे सोडू नका. कुठे, कोणत्या बाजूला आणि कितव्या दिवसापासून, ही तीन क्रियाविशेषणे त्याला जोडा. फराळाचे ताट नको म्हणून आजोबा आतल्या खोलीत पडून राहिले असतील, तर आधी त्यांच्याजवळ बसून हे तीन प्रश्न विचारा. चिवडा काही पळून जात नाही.