शर्यत बर्लिनची, घाट सेलबारीचा

दिवाळी अंकात मोटारींच्या शर्यतींवर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटाला पेट्रोलचा वास लावण्यासारखे आहे, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्यांना आधीच सांगून ठेवतो, की मी ज्या शर्यतीविषयी लिहिणार आहे तिच्यात पेट्रोलचा एक थेंबही जळत नाही. आणि विषय वाटतो तितका परकाही नाही. त्याचे एक टोक बर्लिनला असले, तरी दुसरे आमच्या पिंपळनेरच्या जीपथांब्यावर आहे.

आमच्याकडे ‘महिंद्रा’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती काळीपिवळी जीप. नऊ-दहा माणसांच्या जागेत पंधरा माणसे, टपावर कांद्याच्या गोण्या, आणि निघण्याची वेळ विचाराल तर ‘भरली की निघाली’! या गाडीचे कूळ मोठे आहे. १९४५ साली महिंद्रा बंधूंनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली आणि १९४७ पासून अमेरिकेच्या ‘विलिज’ जीपचे सुटे भाग आणून ती जोडायला सुरुवात केली. ती जीप युद्धात चिखल तुडवून आली होती. आपल्या रस्त्यांनी तिला काही नवे शिकवले असेल असे वाटत नाही.

अशी ही चिखलातली कंपनी शर्यतीत का उतरली? खरे म्हणजे मोटार जन्मली आणि शर्यत जन्मली, यांत फारसे अंतर नाही. माल चांगला आहे हे दुकानदाराने सांगून कोणी ऐकत नाही; चारचौघांसमोर पळवून दाखवावा लागतो. हेन्री फोर्ड यांनी १९०१ साली त्या काळचे नामांकित कारखानदार अलेक्झांडर विंटन यांना शर्यतीत हरवले. पाठोपाठ फोर्डना भांडवल देणारे पुढे आले आणि १९०३ साली फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली. १९०६ साली फ्रान्समधील पहिली ग्राँ प्री रेनॉ कंपनीच्या मोटारीने जिंकली. तिच्या चाकांच्या रिमा चटकन उतरवता येत होत्या, म्हणून टायर बदलायला इतरांपेक्षा कितीतरी कमी वेळ लागला. १९५३ साली जॅग्वार मोटारींनी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या बळावर मारली. आज आपल्या पोरांच्या मोटरसायकलींनाही ते ब्रेक असतात. शर्यत ही कारखान्याची परीक्षा आहे, आणि तिचा निकाल वर्षा-दोन वर्षांनी नव्हे तर त्याच दुपारी लागतो.

या परीक्षेची किंमत मात्र कधी कधी भलत्यालाच मोजावी लागते. ११ जून १९५५ रोजी त्याच ल मान्सला एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्या वर्षाअखेर मर्सिडीज कंपनी शर्यतींतून बाहेर पडली, ती कित्येक वर्षे परतली नाही. आपल्याकडेही २०१९ च्या सप्टेंबरात बाडमेरजवळ रॅलीच्या मोटारीची धडक बसून मोटरसायकलवरचे एकाच कुटुंबातील तिघे गेले. वेगाचे कौतुक करताना हे हिशेबात धरलेच पाहिजे.

महिंद्रांनी २०११ साली प्रथम मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेत हात घातला. पाच वर्षे धडपड झाल्यावर २०१६ च्या जूनमध्ये हॉलंडमधल्या आसेनला त्यांच्या दुचाकीवर फ्रान्चेस्को बान्याया पहिला आला. हाच इटालियन मुलगा पुढे मोटोजीपीचा जगज्जेता झाला. २०१७ च्या हंगामानंतर कंपनीने दुचाकींचा नाद सोडला आणि सारा जोर विजेच्या मोटारींवर दिला.

विजेच्या मोटारींची ‘फॉर्म्युला ई’ ही स्पर्धा २०१४ च्या सप्टेंबरात बीजिंगला सुरू झाली. आरंभीच्या दहा संघांत भारतीय असा महिंद्रांचा एकच. पहिल्या हंगामात एकदाही पहिल्या तिघांत नंबर नाही! पहिला विजय मिळाला तो १० जून २०१७ रोजी, बर्लिनच्या टेंपलहोफ या जुन्या विमानतळावर. चालक होता स्वीडनचा फेलिक्स रोझेनक्विस्ट. दुसऱ्या दिवशी तिथेच दुसरी शर्यत झाली. रोझेनक्विस्टनेच पहिल्याने रेषा ओलांडली. पण थांब्यातून मोटार धोकादायक रीतीने बाहेर सोडल्याबद्दल दहा सेकंदांचा दंड झाला आणि पहिला नंबर गेला. शर्यत रस्त्यावर जिंकून थांब्यावर हरली! आमच्या जीपथांब्यावर गाडी बाहेर काढण्याला असा दंड बसू लागला, तर पिंपळनेरातून एकही गाडी वेळेवर साक्रीला पोचायची नाही.

बर्लिनला त्या दिवशी मोटार थांब्यात का न्यावी लागली, यातच सारी गोम आहे. तेव्हाच्या मोटारींची बॅटरी २८ युनिटांची. घरच्या मीटरवर मोजतो तीच युनिटे. तेवढ्यात अर्धीच शर्यत पुरी होई. मग चालक मधेच उतरून दुसऱ्या मोटारीत बसे. २०१८ च्या अखेरीस ५४ युनिटांची बॅटरी आली आणि एका मोटारीत शर्यत संपू लागली. २०२३ साली नवी मोटार आली, तिची बॅटरी मात्र आधीपेक्षा हलकी! मग वीज आली कुठून? ब्रेकमधून.

जुन्या सायकलीचा डायनामो आठवा. चाकाला टेकवला की दिवा लागे आणि पायडल जड होई. विजेच्या मोटारीत वेग कमी करताना मोटरच डायनामो होते; चाक जड होऊन गाडी मंदावते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. २०२३ च्या मोटारीत शर्यतीला लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ४० टक्के वीज अशी परत मिळवता येईल, या बेतानेच तिची रचना केली होती. एरवी ही शक्ती ब्रेक तापवून हवेत जाते.

आता आमचा घाट घ्या. पिंपळनेरहून ताहाराबादकडे जाताना सेलबारीचा घाट लागतो. भरलेली जीप उतरवताना चालकाचा पाय ब्रेकवर असतो आणि लायनर जळल्याचा वास मागच्या बाकापर्यंत येतो. आमच्या ओळखीच्या एका जीपवाल्याने मला परवा विचारले, “दादा, बॅटरीवर बारी चढी का?” प्रश्न गमतीचा नव्हता. जुनी गाडी मोडीत काढायची वेळ आली आहे, नवीचा हप्ता पाच वर्षे फेडायचा आहे, आणि त्याच गाडीवर घर चालते. बर्लिनच्या शर्यतीतून त्याला अर्धे उत्तर मिळते: चढेल, आणि उतरताना थोडी वीज परतही करील. उरलेले अर्धे अजून कोणी दिलेले नाही. पंधरा माणसे आणि गोण्या घेऊन किती फेऱ्या होतील? आमच्या वाडीपाड्यांत वीज जाते तेव्हा चार्जिंग कुठे करायचे? बॅटरी थकली की नवी कितीला पडेल?

याच हिशेबाने मी या शर्यतीकडे पाहतो. २०२२ पासून फॉर्म्युला ईत एका संघाच्या हंगामी खर्चावर एक कोटी तीस लाख युरोंची मर्यादा आली. म्हणजे आपले शंभर कोटींहून अधिक रुपये. एवढा पैसा शर्यतीत का घालावा, असे विचारणाऱ्याला मी उधळ्या म्हणणार नाही आणि अडाणीही म्हणणार नाही. आमच्याकडे बैलगाडीच्या शर्यतीत बैल कोणाचा हे आधी विचारतात, हाकणारा कोण ते नंतर. महिंद्रांचा बैल नावाने आपला. पण त्याचा गोठा इंग्लंडात, बॅनबरी गावी. पहिल्या हंगामात करुण चंढोक हा भारतीय चालक होता. पुढे बर्लिनपासूनचे सारे विजय परदेशी चालकांनी मिळवून दिले. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेनसागराकाठी भारतातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली, तीही एकदाच. पुढल्या वर्षीची रद्द झाली.

तरी मी या शर्यतीच्या बाजूने आहे. कारण १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार विजेचीच होती. बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने ती चालवली होती. ती विद्या पुढे पेट्रोलच्या स्वस्ताईत मागे पडली. ती पुन्हा मागे पडू द्यायची नसेल, तर तिची परीक्षा सतत झाली पाहिजे. फक्त परीक्षेत मिळवलेले गुण बॅनबरीच्या कपाटात राहू नयेत. साक्री-धुळ्याच्या आयटीआयमधून दरवर्षी मुले बाहेर पडतात आणि नाशिक-चाकणच्या कारखान्यांत नट आवळायला जातात. त्यांतल्या एखाद्याच्या हाती उद्या या मोटारीचा नकाशा यावा, आणि त्याने तो आमच्या काळ्यापिवळीला बसवावा. बर्लिनचा चषक मुंबईला पोचला. सेलबारीची परीक्षा अजून बाकी आहे, आणि तिचे परीक्षक थांब्यावर उभे आहेत.

घाटात जपून चालवा.