नावाची मालकीण



पुढच्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. गर्भाशयात गाठी आहेत. दीड वर्षापूर्वीच्या सोनोग्राफीत सगळ्यात मोठी लिंबाएवढी होती, आताच्या सोनोग्राफीत मोसंबीएवढी. मध्ये हिमोग्लोबिन ७.४ वर आलं होतं. बाईचं १२ तरी असावं लागतं, म्हणून आधी शिरेतून लोह दिलं. आता १०.२ आहे आणि डॉक्टरीणबाई तयार आहेत.

महिनाभर बायका भेटायला येताहेत. आल्या त्यांतल्या निम्म्या जणींनी गाठीबद्दल विचारलंच नाही. त्यांनी गाडीबद्दल विचारलं. "ती लाल गाडी घरात आली, त्यानंतरच ना गं हे सुरू झालं?"

तर आधी गाडीचं सांगते. हो, आमच्याकडे स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, मागे फक्त पिशव्या बसतील एवढी जागा. यांचं भोसरी एमआयडीसीत मशीनशॉप आहे, चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग जातात. पंचवीस वर्षं राबल्यावर यांना वाटलं की आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग केले, एक गाडी आपल्यालाही असावी. मुंबईहून जुनीच घेतली, तरी त्या पैशात ताथवड्यात एक बरा फ्लॅट आला असता. ती इतकी बुटकी आहे की सोसायटीच्या गतिरोधकावर पोट घासतं. हायवेखालच्या भुयारी रस्त्यात पावसाचं पाणी साठलं की आठ-आठ दिवस ती खाली पार्किंगमध्ये कापड पांघरून असते. चालते कमी आणि धुतली जाते जास्त.

आणि ती माझ्या नावावर आहे. मशीनशॉपच्या नावावर नको असं सीए म्हणाले, यांच्या नावावर आधीच दोन कर्जं होती, म्हणून माझ्या. एके संध्याकाळी सूर्यास्ताआधीच्या जेवणाची घाई चालली होती आणि हे कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. मी हात पुसले आणि जिथे जिथे पेन्सिलीने फुली होती तिथे तिथे सही केली. अशा सह्या मी लग्नापासून करत आले आहे. फ्लॅटच्या करारावर केली, बँकेच्या जामीनपत्रावर केली, भागीदारीच्या कागदांवर केली. तुम्हीही केल्या असतील.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. गाडी आली दोन वर्षांपूर्वी. माझा रक्तस्राव सुरू होऊन चार वर्षं झाली. तारखांचा हिशोब इतका साधा आहे, पण कुणी मांडला नाही, कारण गाडी आणि आजार यांची गोष्ट जोडली की छान बसते. मोठा परिग्रह आला, पाठोपाठ असातावेदनीय कर्माचा उदय झाला. कर्मसिद्धांत मीही मानते. पण कुणाचं कोणतं कर्म कधी उदयाला आलं हे सांगायला केवलज्ञान लागतं. ते आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूंना अजून झालेलं नाही.

आणि खरं कारण कुणी ऐकायला तयार असेल तर तेही आहे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांकडे जायचं होतं, तेव्हा दिरांच्या मुलीचं लग्न निघालं. त्यानंतर कोविडनंतरची ऑर्डरींची धावपळ, घरात दोन माणसं जास्त. दीड वर्षापूर्वी सोनोग्राफीत गाठी दिसल्या आणि डॉक्टरांनी तीन महिन्यांनी या म्हणून सांगितलं. तेव्हा चातुर्मासात मुनिसंघ आला, आपला चौका लागणार होता. महिन्यातले बारा-बारा दिवस बाहेर बसणारी बाई चौक्यात कशी चालणार? म्हणून मी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. कुणालाही न विचारता. दशलक्षणातही त्याच घेतल्या. मंदिरात माझ्या शेजारी बसणाऱ्या किमान तिघी जणी त्याच गोळ्यांवर होत्या हे मला माहीत आहे, कारण एकीची पट्टी संपली तर दुसरीने दिली. आहारदान घडलं, पुण्य लागलं असेलही. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

औषधदान हे आपल्या चार दानांपैकी एक. परगावच्या रुग्णांना औषधं द्यायला आपण वर्गणी गोळा करतो, पावती फाडतो, नाव फलकावर येतं. घरातल्या बाईचं औषध मात्र कोणत्याच दानात बसत नाही. आमच्या गाडीचा विमा ५८ लाखांचा आहे. माझा चौघांत मिळून ५ लाखांचा. गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख यांच्या मोबाइलवर वाजते. माझ्या सोनोग्राफीची चिठ्ठी फ्रीजवर लोहचुंबकाखाली होती, तिच्यावर दुधाचा हिशोब लिहिला गेला.

एका आजीबाईंनी मला सनत्कुमार चक्रवर्तींची कथा ऐकवली. अंगभर रोग झाले, वैद्याच्या रूपात देव आले, तरी त्यांनी इलाज नाकारला आणि समतेने सोसलं. कथा थोर आहे, लहानपणापासून ऐकते आहे. पण आजी, सनत्कुमारांनी आधी सहा खंडांचं राज्य सोडलं होतं. ते त्यांचं होतं म्हणून सोडता आलं. सोसायचं की नाही हेही त्यांनी स्वतः ठरवलं, भाकरी थापता थापता त्यांच्यावर कुणी ढकललं नव्हतं. माझ्यासारखीला कुणी विचारलंच नाही, मग माझ्या सोसण्याला समता कशी म्हणायची? ती नुसती सवय झाली.

माझं सगळं भांडण इथेच आहे. अपरिग्रहावरची प्रवचनं ऐकायला समोर नव्वद टक्के बायका असतात. साड्या कमी करा, दागिन्यांचा मोह सोडा. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार आम्हाला तोंडपाठ आहेत. क्षेत्र, वास्तु, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद, यान, शयनासन, कुप्य, भांड. त्यांत यान आहे, नीट बघा. आता यांपैकी तुमच्या नावावर काय काय आहे ते आठवा, आणि त्यांतलं विकायचं की ठेवायचं हे ठरवण्याचा अधिकार कशा-कशाचा आहे तेही आठवा. भांड्यांपलीकडे माझी यादी जात नव्हती. परिग्रह-परिमाण व्रत घ्यायचं म्हणजे आधी मोजायला लागतं, मोजल्याशिवाय मर्यादा कशाची घालणार? आणि इथे मोजमाप पुरुषांकडे आणि व्रत बायकांकडे अशी वाटणी झालेली आहे. परिग्रह आमच्या नावावर साठतो आणि त्यागही आम्हालाच शिकवला जातो.

नुसतं नाव असण्याने काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. मग जूनमध्ये माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. दुसऱ्या एका आईने कौतुकाने पाठवलेला. हिंजवडीच्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळी सहाला, आमची लाल गाडी. चालवणारा माझा मुलगा. वय साडेसतरा. शेजारी त्याचे पप्पा, हसताहेत.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात पोर्शे, मोटारसायकलवरचे दोन इंजिनीअर गेले, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून इथे नोकरीला आलेले. काही तासांत जामीन आणि ३०० शब्दांचा निबंध. गाडीची कायम नोंदणीसुद्धा झालेली नव्हती, १७५८ रुपये फी भरायची राहिली होती. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनमधल्या डॉक्टरांना अटक झाली आणि मुलाच्या आईलाही झाली. मुलाच्या जागी तिचं रक्त दिलं असा आरोप आहे. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. तेव्हा मीही नाक मुरडून म्हटलं होतं, काय ही आई! आज मला त्या बाईबद्दल बोलताना जीभ जड होते. तिने काही केलं असेल तर ते समर्थनीय नाही, पण त्या घरात चावी कुणाला द्यायची हे तिला कधी कुणी विचारलं असेल का, एवढंच मनात येतं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं हे सिद्ध केलं तर सुटका आहे. माझ्याकडे व्हिडिओ आलेला आहे. म्हणजे पालकही मी, मालकही मी, आणि माहीत नव्हतं म्हणायची सोयही गेली. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, त्या सकाळच्या रस्त्यावर एखादी मोटारसायकल असती तर?

यांच्याशी त्या रात्री मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, इतकं कधी बोलले नव्हते. दोन्ही चाव्या तेव्हापासून माझ्याकडे आहेत.

खोटं कशाला बोलू, मी एकदा ती चालवली आहे. एका रविवारी सकाळी, किवळ्यापर्यंत आणि परत. हे शेजारी घाबरून बसले होते. इंजिनचा तो आवाज पाठीच्या कण्यातून वर येतो. परत आले तेव्हा मला चक्क रडू आलं, इतकं आवडलं होतं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली आहे, वस्तू किती ते महत्त्वाचं नाही, मन तिच्यात किती बुडालं ते. स्वाध्यायात हे शंभरदा ऐकलं होतं, त्या दिवशी कळलं. परवा भूलतज्ज्ञ तपासायला आले तेव्हा तेच आठवलं. भूल द्यायच्या आधी ते दहा प्रश्न विचारतात आणि उत्तर माझ्या तोंडून घेतात. घरात मात्र भूल न विचारता दिली जाते.

हॉस्पिटलातही एक मजा झाली. संमतिपत्र आलं ते थेट यांच्या हातात. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मिस्टरांची सही लागेल." मी विचारलं, माझी? ती म्हणाली, "तुमचीही चालेल." माझीही! सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात निकाल दिला आहे. १९९५ मध्ये दिल्लीतली एक चव्वेचाळीस वर्षांची बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितलं, तातडीचा जीवघेणा प्रसंग नसताना सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या जागी दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, आईचीसुद्धा. आणि तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. भरपाई मिळाली फक्त २५ हजार. पण निकाल आपल्या हातात आहे.

मी सही केली ती संमतिपत्र पूर्ण वाचून. दोन ठिकाणी डॉक्टरीणबाईंना थांबवून विचारलं. फक्त गाठी काढता येतील का? माझ्या वयाला आणि गाठींच्या संख्येला त्यांनी गर्भाशय काढणं सुचवलं आणि का ते चित्र काढून दाखवलं. बीजकोश निरोगी दिसले तर ठेवणार, हाडांसाठी आणि हृदयासाठी ते बरं. ते मी कागदावर लिहून घेतलं. "आता पोरं झाली, सगळंच काढून टाक, कटकट मिटेल," असं सांगणाऱ्या नणंदेला मी हे चित्र दाखवलं. बीडच्या ऊसतोड बायकांचं आठवा. तिथे २०१९ च्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांनाही अशीच कटकट मिटेल म्हणून सांगितलं गेलं होतं. तिकडे घाईने काढतात, आमच्यासारख्या घरांत गाठ मोसंबीएवढी होईपर्यंत थांबतात. बाईला विचारायचं मात्र दोन्हीकडे राहून जातं.

आता शेवटची गोष्ट. गेल्या सोमवारी हे मंदिरातून आले ते ठरवूनच. गाडी विकायची, येतील त्यातले काही पैसे पूजेला द्यायचे, म्हणजे माझं ऑपरेशन सुखरूप होईल. सासूबाईंनी हात जोडले. गिऱ्हाईकही ठरलं होतं. यांनी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० माझ्यासमोर ठेवले, पेन्सिलीच्या फुल्यांसह. यांचा हेतू चांगला होता, डोळ्यांत पाणी होतं, हे मी नाकारत नाही.

मी विचारलं, किती रुपयांना? कर्ज किती बाकी आहे? उरलेले कुठे जाणार? माझ्या विम्याची रक्कम वाढवायची का? मुलाला उद्या दुसरी गाडी घेऊन देणार नाही ना? यांना पहिल्या प्रश्नाचंच उत्तर माहीत होतं.

गाडी विकायला माझी ना नाही. पण बरी व्हायची किंमत म्हणून नको, आणि ते पाच आकडे कागदावर आल्याशिवाय नको. फॉर्म सध्या जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली आहेत. हे रोज जेवताना बघतात. बुधवारी संध्याकाळी भरती व्हायचं आहे. पिशवी भरून ठेवली आहे. दोन गाऊन, जपमाळ, रिपोर्टची फाइल आणि दोन्ही चाव्या.