शिलोहाचे तळे आणि पाटणचेरूचे ओढे



"नदी-नाले सरकारने बघावेत, चर्चने प्रार्थना करावी," असे आपल्यातले बरेच श्रद्धावंत म्हणतात. मला हे मान्य नाही. का, ते स्पष्टच लिहितो.

आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूला औषधांचा कच्चा माल बनवणारे अनेक कारखाने आहेत. 2007 साली स्वीडिश संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 90 कारखान्यांचे सांडपाणी जिथे शुद्ध केले जाई, त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडले. ही गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. आणि हे म्हणे शुद्ध केलेले पाणी! ते ओढ्यांतून मांजरेकडे जात होते. बीडच्या डोंगरात उगम पावून इकडे येणारी आणि पुढे गोदावरीला मिळणारी ही आपली मांजरा.

अशा पाण्यात साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. तो गुण ते इतर जंतूंनाही देतात. मग तापाने फणफणलेल्या लेकराला डॉक्टर गोळी देतात आणि गोळी लागू पडत नाही.

कोणी म्हणेल, कारखान्यांमुळेच तर गरिबांना स्वस्त औषध मिळते. खरे आहे, आणि कारखाने बंद करा असे मी म्हणतही नाही. पण सांडपाण्यावरचा खर्च वाचवून औषध स्वस्त होत असेल, तर तो खर्च ओढ्याकाठचा शेतकरी आपली विहीर आणि आपले शेत गमावून भरतो. या गावांचे गाऱ्हाणे 1990 सालीच सर्वोच्च न्यायालयात पोचले होते. यहेज्केलच्या 34 व्या अध्यायात देव धष्टपुष्ट मेंढरांना हाच जाब विचारतो: स्वच्छ पाणी तुम्ही प्यालात, मग उरलेले पायांनी का गढूळ केले? दुबळ्या मेंढरांनी तेच प्यायचे का?

जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने सांडपाण्यातील अँटिबायोटिक्सवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा गायब झाल्या. आपल्यापैकी किती जणांनी याबद्दल एक ओळ तरी लिहिली? पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. आपण त्यावर शिबिर घेतले, झाडे लावली, फोटो काढले आणि विषय संपला.

आपली ताकद लहान नाही. देशभर चर्चची रुग्णालये आणि दवाखाने आहेत, आणि ते औषधे विकत घेतात. औषध कुठे बनते आणि त्या कारखान्याचे सांडपाणी कुठे जाते, हे त्यांनी पुरवठादाराला लेखी विचारावे. वगळलेल्या मर्यादा परत आणा, असे पत्र प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या खासदाराला पाठवावे. घरात उरलेल्या गोळ्या आपणही मोरीत वा संडासात टाकू नयेत.

प्रभूने जन्मांध माणसाला बरे करताना शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवले. आज आपण आजाऱ्याला कोणत्या तळ्यावर पाठवणार? रविवारी मिस्सात आजाऱ्यांसाठी प्रार्थना जरूर करू या. पण त्यांच्या पाण्याबद्दल गप्प राहिलो, तर ती प्रार्थना अर्धीच राहील.