हक्काच्या खाटेसाठी चंदा कशाला?

व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला एक तरी आवाहन येतं. रुग्णाचा फोटो, हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक, खाली क्यूआर कोड. आपण पाचशे-हजार टाकतो, पुढे पाठवतो आणि मोकळे होतो. पैसे देण्याला माझी हरकत नाही. पण ते लेटरहेड एकदा नीट वाचा. हॉस्पिटल ट्रस्टचं असेल, तर अशा रुग्णांसाठी तिथे खाटा कायद्यानेच राखून ठेवलेल्या आहेत. मग आपण नेमके कशाचे पैसे भरतोय?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना, या दोन गोष्टी प्रत्येक मोहल्ल्यात पाठ असायला हव्यात. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आहेत. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. म्हणजे महिना तीस हजारांपर्यंत कमावणारं घर यात बसतं. रिक्षावाला बसतो, शिवणकाम करणारी बाई बसते, दुकानातला नोकर बसतो. राज्यात अशी चारशेहून जास्त रुग्णालयं आहेत, त्यांत पुण्या-मुंबईची बडी बडी नावंही आली.

"आम्हाला परवडत नाही" हे हॉस्पिटलांचं ठरलेलं उत्तर. पण खर्चाची सोय योजनेतच आहे. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळ्या खात्यात टाकायची. वर्षाला शंभर कोटींची बिलं फाडणाऱ्या हॉस्पिटलात दोन कोटी होतात. हा पैसा मालकाच्या खिशातून येत नाही, तुमच्या-माझ्या बिलातून येतो. वर ट्रस्ट म्हणून करसवलत मिळते, कित्येकांना सरकारची किंवा पालिकेची जमीन नाममात्र भाड्याने मिळालेली असते. एवढं घेतल्यावर त्या खाटेला 'मदत' म्हणणं हा शब्दाचा गैरवापर आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे काउंटरवरच्या स्क्रीनकडे माझं लक्ष आधी जातं. बिलिंगच्या बाबतीत ही सॉफ्टवेअर फार हुशार असतात. सिरिंजसुद्धा सुटत नाही, आणि बाकी शून्य झाल्याशिवाय गेटपास निघत नाही. मग नोंदणीच्या वेळी रेशन कार्डाचा रंग विचारून, पिवळं किंवा केशरी असेल तर समाजसेवा विभागाला आपोआप निरोप पाठवणं किती अवघड आहे? एका दुपारचं काम आहे. ते होत नाही, कारण कुणी मागितलेलंच नाही. रुग्णाच्या नातेवाइकाला फलक शोधावा लागतो, फलकावरचा माणूस शोधावा लागतो आणि तो जेवायला गेला असेल तर थांबावं लागतं. तोवर डिपॉझिट भरलं जातं. एकदा पैसे भरले की "तुम्ही भरू शकता" हे सिद्धच झालं!

खरं तर तातडीच्या रुग्णाकडून डिपॉझिट मागायचंच नाही, हेही २००६ च्या योजनेत आहे. तरी २०२५ साली पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर, दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून गदारोळ झाला, तेव्हा जणू नवा नियम करायचा आहे अशी चर्चा सुरू झाली. एकोणीस वर्षं तो कागदावर पडून होता.

आता आपल्याबद्दल. रमजानमध्ये वस्तीवस्तीत जकात जमते आणि त्यातली बरीच औषधोपचारावर जाते. गरिबाचा वाटा म्हणून काढलेली ती रक्कम, गरिबाला जे फुकट मिळायला हवं होतं त्याच्या बिलात जमा होते. जकात पोचली ती हॉस्पिटलच्या खात्यात. गणेश मंडळं आणि कंपन्यांचे सीएसआरवालेही हेच करतात, पण त्यांचं त्यांनी बघावं. आणि हो, आपल्या समाजाच्या ट्रस्टची हॉस्पिटलंही याच कायद्यात येतात. 'आपलंच आहे' म्हणून त्यांना सूट नको.

तो पैसा वाचला तर जायचा कुठे? जिथे कुठलंच कलम पोचत नाही तिथे. डायलिसिसचं बघा. सरकारी योजनेत उपचार मोफत होतो, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा जायचं रिक्षाभाडं योजनेत नाही. सोबत येणाऱ्या मुलाचा खाडा योजनेत नाही. महिन्या-दोन महिन्यांत एक फेरी चुकते, मग दुसरी, आणि रुग्ण सुजून थेट आयसीयूत येतो. फाइलवर 'रुग्ण अनियमित' असा शेरा. भाडं नव्हतं, हे लिहायला त्या फॉर्मवर रकानाच नसतो. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर मुक्काम करणारी कुटुंबं पाहिली की कळतं, उपचार स्वस्त झाला तरी राहणं-खाणं माणसाला परत गावी ढकलतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते तो याच कारणासाठी.

वैद्यकीय समाजसेवकाचं काम हेच असायला हवं. घरात कमावणारं कोण, घर किती लांब, जेवण कोण देणार, हे विचारायचं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यायचा. क्षयरोगी असेल तर पोषणाचे महिन्याचे हजार रुपये खात्यात येतात का ते पाहायचं. प्रत्यक्षात त्याला झेरॉक्स तपासायला बसवलेलं असतं.

म्हणून यापुढे कुठल्याही आवाहनाखाली तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, असा आग्रह धरूया: हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का, निर्धन रुग्ण निधीसाठी अर्ज दिला का, आणि नाकारला असेल तर लेखी कारण काय दिलं. लेखी देत नसतील तर अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची आणि तीच प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायची. क्यूआर कोड त्यानंतर.