पगार कोण देणार?

दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म छापायला जायचा तो संपादकीयासाठी थांबला होता. १० ऑक्टोबर २०२५ला गाझात युद्धविराम लागू झाला आणि वसुबारसेच्या चार दिवस आधी, १३ तारखेला, इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथे वीसहून अधिक देशांचे नेते जमले. जाहीरनाम्यावर चौघांनी सह्या केल्या: अमेरिका, इजिप्त, कतार आणि तुर्कस्तान. इस्रायल आणि हमास हे जे दोन पक्ष लढले, त्यांपैकी एकाचीही सही त्यावर नाही. पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास हजर होते, पण पाहुण्यासारखे.

तरी या मुत्सद्देगिरीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार, ६७ हजारांहून अधिक. हा संहार थांबवण्यात कैरो आणि दोहा यांच्या चिवट रदबदलीचा वाटा मोठा आहे. पॅलेस्टाइनला मिळणाऱ्या राजकीय पाठिंब्याचाही दुष्काळ नाही. सौदी अरेबिया आणि फ्रान्स यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या द्विराष्ट्र तोडग्याच्या ठरावाला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १२ सप्टेंबर २०२५ला १४२ मते पडली. त्यांत भारताचेही होते. पाठोपाठ ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने पॅलेस्टाइनला मान्यता दिली. आपण ती १९८८ सालीच दिली होती.

घोडे अडते ते पैशापाशी. वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या दुकानदाराने चीनमधून खेळणी मागवली, तर कंटेनर उतरतो इस्रायलच्या अश्दोद बंदरात आणि जकात जमा होते इस्रायलच्या तिजोरीत. १९९४च्या पॅरिस करारानुसार इस्रायलने त्यातून तीन टक्के वसुलीखर्च कापून उरलेली रक्कम दर महिन्याला रामल्लातल्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाला पाठवायची असते. ही सोय पाच वर्षांच्या संक्रमणकाळापुरती होती. तिला २०२५मध्ये एकतीस वर्षे झाली. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा जवळपास दोन तृतीयांश भाग याच वाटेने येतो, आणि ही वाट कधी बंद करायची ते इस्रायलचा अर्थमंत्री ठरवतो. २००६मध्ये हमास निवडून आली, पैसे थांबले. २०१५मध्ये पॅलेस्टाइन आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात दाखल झाले, पुन्हा थांबले. २०२५च्या मे महिन्यापासून तर छदामही गेलेला नाही. हा पैसा पॅलेस्टिनी कैद्यांच्या आणि हल्लेखोरांच्या कुटुंबांना जातो, हा इस्रायलचा आक्षेप. ती पद्धत बंद करण्याचा हुकूम अब्बास यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये काढला, पण इस्रायलचे समाधान झाले नाही. शिक्षक, परिचारिका, पोलीस अर्ध्यामुर्ध्या पगारावर आहेत, आणि वेस्ट बँकेतल्या सरकारी शाळा आठवड्याचे मोजकेच दिवस भरतात.

आता गाझासाठीच्या अमेरिकेच्या वीस कलमी योजनेत जॉर्डन आणि इजिप्तच्या सल्ल्याने पॅलेस्टिनी पोलीस तयार करायचे म्हटले आहे. जॉर्डनमध्ये असे प्रशिक्षण २००८पासून होत आले. पण तिथून शिकून आलेल्या शिपायाच्या हाती पगारच पडला नाही, तर तो कोणाची सुरक्षा सांभाळणार? मार्च २०२५मध्ये अरब देशांनी मंजूर केलेला गाझाच्या पुनर्बांधणीचा ५३ अब्ज डॉलरचा आराखडा असो की २०१४च्या कैरो परिषदेत जाहीर झालेली ५.४ अब्जांची मदत, आकडे मोठे असतात आणि सिमेंट मात्र नाक्यावर अडून राहते.

या हिशेबाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. ऑक्टोबर २०२३नंतर इस्रायलने लाखाहून अधिक पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रद्द केले. इमारतींची कामे अडली, म्हणून भारतातून माणसे नेणे सुरू झाले. २०२४च्या सप्टेंबरात पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये शटरिंग, सळई, प्लास्टर आणि फरशीच्या कामाच्या चाचण्या झाल्या. नाब्लुसच्या गवंड्याची रोजी जिथे बुडाली, तिथे इथला गवंडी रोजी शोधायला निघाला. यात त्याचा दोष नाही. पण हा प्रश्न परका आहे, असेही आता म्हणता येणार नाही.

मग करायचे काय? जानेवारी २०२४मध्ये गाझाच्या वाट्याची रक्कम नॉर्वेकडे विश्वस्त म्हणून ठेवण्याची तोड निघाली होती. तोच मार्ग सगळ्या रकमेसाठी कायमचा का नको? इस्रायलला सौदी अरेबियाशी संबंध हवे आहेत. रियाधने त्या बदल्यात पहिली अट हीच घालावी. रामल्लाचीही सुटका नाही. २००६नंतर तिथे संसदेची निवडणूक झालेली नाही. मतपेटी पुन्हा उघडल्याशिवाय या पैशाचा जाब विचारायला कोणी असणार नाही. शिखर परिषदेतल्या छायाचित्रांपेक्षा आम्ही महिन्याच्या एक तारखेकडे पाहू. त्या दिवशी पगार झाला, तर करार टिकेल.



— संपादक