चौकडीच्या पिशवीची मजुरी

क्रोशाची सुई आणि स्त्रीमुक्ती यांचं आजवर फारसं जमलं नाही. लग्नाच्या मांडवात रुखवताच्या टेबलावर मांडलेले रुमाल, तोरणं, टीव्हीवरची आच्छादनं म्हणजे मुलीच्या 'गुणांची' जाहीर परीक्षाच असायची. त्या परीक्षेला आपला विरोध होता आणि आजही आहे. पण सुई आता रुखवतापुरती राहिलेली नाही. ती बाजारात आली आहे. बचत गटांच्या प्रदर्शनात क्रोशाचे उशीचे अभ्रे, खांद्यावरच्या पिशव्या, मोबाईलचे बटवे, गळपट्टे विकायला असतात. अशा वेळी प्रश्न विचारायला हवा तो मजुरीचा.

टार्टन म्हणजे स्कॉटलंडची रंगीत चौकडी. शाळेच्या स्कर्टवर, शालीवर आपण ती पाहतोच. क्रोशावर ती कशी उतरते ते सांगते, कारण हिशोब तिथेच दडलेला आहे. आधी एक खांब, एक साखळी, पुन्हा खांब अशी जाळी विणायची. ओळीओळीला ठरलेल्या क्रमाने रंग बदलायचा. एवढं झालं की निघतात फक्त आडवे पट्टे. मग जाळीच्या भोकांतून उभ्या, वेगळ्या रंगांच्या साखळ्या ओवायच्या. आडवं-उभं जुळलं की चौकडी दिसते. म्हणजे एकाच तुकड्यावरून हात दोनदा फिरतो. शिवाय प्रत्येक रंग बदलताना दोऱ्याची टोकं सुटतात. ती एकेक करून आत ओवून दडवावी लागतात. गिऱ्हाईक पिशवी उलटी करून बघतं आणि टोक दिसलं तर भाव पाडतं. ते दडवायला लागलेली संध्याकाळ मात्र कुणाच्याच हिशोबात नसते, विणणारीच्याही नाही.

किंमत कशी ठरते? लोकरीचे पैसे, वर थोडे 'हाताचे'. समजा, एका पिशवीला १५० रुपयांची लोकर लागली, १४ तास गेले आणि ती ३५० रुपयांना विकली. हातात उरले २००. तासाला जेमतेम १४ रुपये. त्यातूनच एसटीचं भाडं आणि प्रदर्शनातला दोन वेळचा चहा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. म्हणजे ज्या कामाला 'कला' म्हणून टाळ्या मिळतात, त्याचा दर मातीकामाच्या निम्म्याहूनही कमी! आकडे माझे पटत नसतील तर आपापल्या गटात घड्याळ लावून बघा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "फावल्या वेळात तर करतात!" हा फावला वेळ कुणाचा? पाणी भरून, भाकऱ्या थापून, पोरांना निजवून जो उरतो, तो झोपेचा वेळ असतो. आंध्रात पश्चिम गोदावरीच्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा निर्यातीचा धंदा झाला. मारिया मीस या अभ्यासकाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे काम करून १९८२ साली पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं ते हेच. जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या बाया 'गृहिणी' ठरल्या, त्यांचं काम 'रिकामपणाचा उद्योग' ठरलं, आणि म्हणूनच मजुरी इतकी खाली ठेवता आली. व्यापार होता पुरुषांच्या हातात. (टार्टनच्या मुलखातही वेगळं नव्हतं. सूत कातणं, कापड कुटून घट्ट करणं ही कामं बायांचीच.)

आणखी एक गोष्ट. हाताचा क्रोशा यंत्रावर जसाच्या तसा निघत नाही. यंत्राचं कापड दिसायला तसं असतं, पण वीण निराळी. तेव्हा मोठ्या दुकानात खरा क्रोशा स्वस्तात लटकलेला दिसला, की तो कुठल्या तरी बाईने स्वस्तात विणलेला आहे एवढं नक्की.

माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या बायांना मोजमाप नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली. १९७७ चा रोजगार हमी कायदा झाल्यावर हजेरीपट, मापं, दर यांवरून मुकादमाशी भांडायलाही त्या शिकल्या. घरात बसून केलेलं काम मोजता येत नाही म्हणावं, तर विडीचं उदाहरण आहे. हजारी दराने घरी विड्या वळणाऱ्या बाईला १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कामगार मानलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकाम्यांसाठी, म्हणजे घरी बसून बाजाराचा माल करणाऱ्यांसाठी, १७७ क्रमांकाचा करार केला. त्यावर भारताची सही अजून नाही. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. पण व्याख्येने दर ठरत नाही.

कुणी म्हणेल, क्रोशात जीव रमतो, त्यालाही तराजू लावायचा का? नाही. स्वतःच्या उशीला, लेकीच्या दप्तराला, भाकरीच्या दुरडीला हौसेने चौकडी विणावी, त्याचा हिशोब कुणी मागू नये. घरच्यांनी ती वापरताना कुणी विणली एवढं आठवलं तरी पुष्कळ. माझं म्हणणं विकायच्या मालापुरतं आहे.

त्या मालाला गटाने आधी वेळेची वही ठेवावी: विणकाम किती, ओवणं किती, टोकं दडवणं किती. त्यावरून नगाचा दर बांधावा. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी डिझाइन शिकवतात त्याच दिवशी हा हिशोबही शिकवावा. पाहुण्यांना सत्कारात अशी पिशवी देताना आपल्या संघटनांनीही घासाघीस करू नये. हे आपल्यालाच सांगावं लागतंय, काय करणार.

एकट्या गटाने दर वाढवला तर व्यापारी शेजारच्या गावात जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून मिरज, विटा, कराड, दहिवडी, फलटण इथल्या गटांनी दिवाळीच्या प्रदर्शनांआधी एकत्र बसून एकच दर ठरवायला हवा. बैठकीला येताना प्रत्येकीने एक अर्धवट विणलेला तुकडा आणि आपली वेळेची वही आणावी.